ड्रम काढून डिस्क: जुन्या जीपचे ब्रेक बदलताना

आजचा भाग जरा ग्रीसने माखलेला आहे. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण गेल्या सहा महिन्यांतले बरेचसे रविवार एका जुन्या डिझेल जीपखाली आडवं पडून गेले. आजोबांची जीप, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पुढच्या दोन चाकांना आता डिस्क आहेत. ते कसं केलं हे सांगतोच, पण करावं की नाही हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

गेल्या पावसाळ्यात कोकणात उतरताना अर्ध्या घाटात पॅडल दगडासारखं कडक, आणि गाडी मात्र थांबेना. गाडीत आई-बाबा आणि बहिणीची दोन पोरं. दुसऱ्या गिअरवर, मग पहिल्यावर, असं करत एका टपरीपाशी थांबवली. ड्रममधून जळका वास येत होता. मिस्त्री नंतर म्हणाले, "लायनर तापून चकाकलेत, बाकी काही नाही."

घरी येऊन गणित मांडलं. माणसं-सामान धरून गाडी १४०० किलो. ताशी ६० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबलो, तर ब्रेकना साधारण १९५ किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरली, की ६८६० किलोज्यूल. म्हणजे पस्तीस वेळा गच्च ब्रेक मारल्याइतकी उष्णता! इंजिन आणि हवा त्यातली काही खातात, उरलेली ब्रेकवर. ड्रम म्हणजे बंद डबा. तापला की फुगतो, बुटांपासून लांब जातो, आणि लायनरचं घर्षणही कमी होतं. डिस्क उघडी असते, वारा लागतो. ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी आणि चिखल बसून राहतो. डिस्क फिरता फिरता तो झटकून टाकते. ऑफ-रोडवाल्यांना हा दुसरा फायदाच जास्त जाणवतो.

डिस्क काही नवी भानगड नाही. १९५३ साली जॅग्वारने डिस्क लावलेल्या गाड्यांनी ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आपल्याकडे १९४७ पासून मुंबईत ज्या विलिस घाटणीच्या जीपा जोडल्या गेल्या, तो आराखडा महायुद्धाच्या काळातला. ड्रम ९ इंची, एकच सर्किट, मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली फळीच्या खाली. त्या वेगाला, त्या रस्त्यांना ते चालत होतं.

बाबांचा विरोध होता. "तुझ्या आजोबांनी याच ब्रेकवर आयुष्यभर घाट उतरले." खरंय, पण ते घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि मागे हॉर्न मारणारी एसयूव्ही नसायची. शेवटी असं ठरलं, की पुढेच डिस्क, मागे ड्रम तसेच, आणि काढलेला प्रत्येक भाग पोत्यात बांधून माळ्यावर. उद्या कुणाला मूळ रूपात हवी असेल तर परत बसेल.

आता काम. रोटर आणि कॅलिपर बसवणं हा त्यातला सोपा भाग, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलच्या नकलला बसणारं ब्रॅकेट तयार किटमधलं घ्या, किंवा त्याच घराण्यातल्या नंतरच्या मॉडेलचा अख्खा अ‍ॅक्सल मिळाला तर उत्तम. फक्त कुणी "वेल्डिंग मारून ब्रॅकेट करून देतो" म्हणालं तर हात जोडून निघा. चाक घालून कॅलिपर रिमला कुठे घासत नाही ना, ते हाताने फिरवून बघा.

खरी गंमत हायड्रॉलिक्समध्ये आहे. ड्रममध्ये पुढचा बूट फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो, म्हणजे गाडीच ब्रेक लावायला मदत करते. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. त्यामुळे जास्त प्रेशर लागतं, आणि कॅलिपरचा पिस्टन मोठा म्हणून तेलही जास्त. जुना मास्टर तसाच ठेवला तर एकतर पॅडल फळीला टेकेल, नाहीतर पाय दुखेल. मी दोन सर्किटवाला, कॅलिपरला जुळणारा मास्टर घेतला. पुढचा होज फुटला तरी मागचे ब्रेक राहतात. खरं सांगू? डिस्क परवडत नसतील तर निदान हे एवढं करा.

बूस्टर लावायचा तर व्हॅक्यूम हवा. पेट्रोल इंजिन तो मॅनिफोल्डमधून देतं. डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून व्हॅक्यूम पंप लागतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागेच असतो तो. तपासायची पद्धत अशी: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, पाय दाबून ठेवा, मग स्टार्टर मारा. पॅडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर जिवंत.

आता सगळ्यात लपलेला बग. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटी झडप असते, ती लाइनमध्ये साधारण १० पीएसआय प्रेशर राखून ठेवते. ती डिस्कच्या लाइनमध्ये राहिली तर पॅड रोटरला चिकटून राहतात, चाकं तापतात, आणि गाडी "जड चालतेय" म्हणून लोक इंजिन उघडतात. पण झडप अजिबात नसली, आणि मास्टर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असला, तर तेल मागे उतरतं आणि पहिलं पॅडल पोकळ जातं. तिथे २ पीएसआयची झडप लागते. मागच्या ड्रमला १०ची. हे आमच्या मिस्त्रींनी कागदावर काढून दाखवलं, आणि मला एकदम डिपेंडन्सी कॉन्फ्लिक्ट आठवला.

मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घाला. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होऊन आधी लॉक होतात, आणि ८० इंची व्हीलबेसची गाडी ओल्या रस्त्यावर गर्रकन फिरते. मोकळ्या मैदानात थोडं थोडं पिळत, पुढची चाकं आधी लॉक होतील असं सेट करा.

हवा काढताना कॅलिपरचा निपल वरच्या बाजूलाच हवा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली जातो, आणि दिवसभर पंप मारला तरी हवा निघत नाही. तेल डॉट ४ घेतलं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पण ओल शोषली की १५५ पर्यंत येऊ शकतो. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका.

एक महत्त्वाचं. तुमचे ड्रम कमजोर वाटत असतील, तर आधी उघडून बघा. अ‍ॅक्सलचं ऑइल सील गळून लायनर भिजलेत का? ड्रम अंडाकृती झालाय का? बूट शेवटचे कधी अ‍ॅडजस्ट केले? रबरी होज किती जुने? गावातल्या गावात, शेतावर फिरणाऱ्या जीपला नीट लावलेले ड्रम पुरतात. माझ्या मते निम्म्या लोकांना डिस्कची नाही, दुरुस्तीची गरज असते.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. कंटाळवाणं आहे, पण अपघातानंतर याच कागदावर भांडण होतं.

दिवाळीनंतर त्याच घाटाने उतरलो. बाबा चालवत होते, आजोबांच्याच गिअरमध्ये. खाली पोचल्यावर त्यांनी उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला, ऊब बघितली आणि म्हणाले, "मागचे पण बघून घे एकदा." मागच्या ड्रमचे बूट पुढच्या रविवारी काढतोय. तुमच्याकडे जुनी जीप असेल, तर पॅडल किती खाली जातं त्याचा व्हिडिओ पाठवा, बघूया.