बाळंतविडा आणि त्यामागील लोकज्ञान

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानांत संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, कोशरचना असे विषय येणे स्वाभाविक आहे. त्यांच्या पंक्तीला बाळाची झबली-टोपडी आणून बसविली, तर ते कोणास काहीसे विजोड वाटेल. परंतु ज्या घरांतून अशा ग्रंथालयांना पिढ्यान् पिढ्या वाचक मिळत आले, त्याच घरांत अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनीही एक विद्या सांभाळली होती. ती पुस्तकात नव्हती, बोटांत होती. आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे ती जात असे. बाळंतविडा हे त्या विद्येचे सर्वांत परिचित रूप होय.

बाळंतविडा म्हणजे बाळंतिणीसाठी व तान्ह्या बाळासाठी माहेरच्यांनी आणि आप्तेष्टांनी करावयाचा अहेर. त्याचे दोन भाग असतात. डिंक, अळीव, खारीक, खोबरे, ओवा, बाळंतशोपा हा झाला स्वयंपाकघराचा भाग. झबली, टोपडी, कुंची, लंगोट, दुपटी, गोधडी आणि पाळण्यावर टांगावयाच्या कापडी चिमण्या-राघू हा झाला सुईदोऱ्याचा भाग. पहिल्या भागाविषयी पाकशास्त्राच्या पुस्तकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरा भाग मात्र बहुधा 'बायकांचे शिवणटिपण' म्हणून बाजूला राहिला. येथे विचार करावयाचा आहे तो याच दुसऱ्या भागाचा.

या विद्येचा पहिला नियम असा, की बाळाचे पहिले वस्त्र जुन्या कापडाचे असावे. आजीचे विरलेले सुती लुगडे, आजोबांचे धुवून धुवून मऊ झालेले धोतर यांतून लंगोट आणि दुपटी निघत. नऊवारी लुगड्याचा पदर व काठ काढून टाकला, तरी मधल्या भागात अनेक दुपट्यांचे कापड मिळे. यात काटकसर होतीच, पण केवळ काटकसर नव्हती. नव्या कापडात खळ असते. त्याचा रंग पक्का आहे की कच्चा, हे धुतल्यावाचून कळत नाही. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यातील खळ केव्हाच निघून गेलेली असते, जो रंग जावयाचा तो गेलेला असतो, सुताचा पीळ सैलावतो आणि कापड पाणी चटकन शोषून घेते. नवजात बालकाच्या नाजूक त्वचेला याहून योग्य वस्त्र नाही, हे त्या स्त्रियांना अनुभवाने ठाऊक होते.

शिवणीतही हाच विचार दिसतो. झबल्याला गुंडी न लावता बंद लावावयाचे, कारण गुंडी रुतते आणि तुटली तर तोंडात जाण्याचे भय. झबले डोक्यातून घालावयाचे नाही. पुढून किंवा मागून उघडे ठेवावयाचे, म्हणजे मान न धरणाऱ्या बाळाला ते आडवे ठेवूनच घालता येते. शिवण जाड होऊ द्यावयाची नाही आणि कित्येक घरांत ती मुद्दाम बाहेरच्या अंगाला ठेवावयाची. बाहेरून झबले सुबक दिसले नाही तरी चालेल, परंतु आतून ते बाळाला टोचता कामा नये, ही त्यामागील दृष्टी. पाहणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा नेसणाऱ्याच्या अंगाचा विचार आधी करणारी ही कला आहे.

दुसरा नियम काळाविषयीचा आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. अनेक घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे वस्त्र शिवीत नसत, विकतही आणीत नसत. जुने मऊ कापड धुवून, घडी घालून ठेवण्यास हरकत नसे. कात्री मात्र लावावयाची नाही. नवे अंगडे-टोपडे बारशाला. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरली जाते. परंतु या बाबतीत कोणी थट्टा करीत नसे. घरातील वडीलधारी स्त्री एवढेच म्हणे, "आधी हातीपायी सुटू दे."

या नियमाला अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. पण त्याच्या मुळाशी काय होते, ते पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे दोनशे आपला पहिला वाढदिवस पाहत नसत. १९७१ साली हे प्रमाण हजारी १२९ होते. २०२० साली ते २८ वर आले. आज ज्याला आकडा म्हणावयाचे, तो त्या काळी प्रत्येक घरातील एक रिकामा पाळणा होता. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून वैद्यकविद्येचा ध्यास घेऊन त्या सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्यासारखी वाट ज्यांना मिळाली नाही, त्या असंख्य स्त्रियांनी आपले दुःख एका नियमात बांधून ठेवले. कापड तयार ठेवावयाचे, पण त्याचे वस्त्र करावयाचे नाही. आशा सोडावयाची नाही, पण ती उघडही बोलून दाखवावयाची नाही. न शिवलेल्या त्या घडीत माया कमी नव्हती. ती जपून ठेवलेली होती.

आपल्या सीमाभागात या कलेला आणखी एक रंग चढला. बेळगाव-धारवाडच्या परिसरात मराठी आणि कन्नड घरे एकमेकांच्या शेजारी नांदत आली. मराठी घरातील कुंची ती कन्नड घरातील कुंचिगे, आणि टोपडे ती कुलावी. डोके झाकून पाठीवर उतरणारी, हनुवटीखाली बंद असलेली ही कुंची बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर पडताना कान व पाठ वाऱ्यापासून राखते. गुळेदगुड्डच्या खणाची कुंची हा या भागातील बारशाचा मानाचा दागिनाच म्हणावयाचा. तिच्यावर कसुती काढली, तर मग विचारावयासच नको.

कसुतीचे चार टाके प्रसिद्ध आहेत : गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गावंतीत दोरा एकदा पुढे धावतो आणि परतताना राहिलेल्या जागा भरीत येतो. मुरगीत तोच टाका पायऱ्यापायऱ्यांनी वळणे घेत जातो. नेगी विणल्यासारखी दिसते, तर मेंथी मेथीच्या दाण्यांसारखी फुलीफुलीने भरते. आधी नक्षी छापून घेण्याची पद्धत नाही. कापडाचे धागे मोजून, मनातील आकृती सुईने उतरवावयाची. गाठ मारावयाची नाही, आणि गावंती व मुरगी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसली पाहिजे. तुळशीवृंदावन, गोपुर, हत्ती, मोर आणि पाळणा या आकृती त्यात येतात. उलट बाजूलाही गाठ नसावी, हा कसुतीचा दंडक आणि आतून बाळाला टोचू नये, हा झबल्याचा दंडक एकमेकांशी किती जुळतात, ते पाहण्यासारखे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नकाशात रेषा आखल्या. सुईच्या टाक्यांत त्या उमटल्या नाहीत.

गोधडीचेही तसेच. आपली वाकळ किंवा गोधडी आणि कन्नड घरातील कौदी या सख्ख्या बहिणी. थोडे पुढे, हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणारा सिद्दी समाज मूळचा आफ्रिकेतून आलेला. त्यांच्या स्त्रियाही जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून 'कवंदी' शिवतात. कडेपासून आरंभ करून टाके घालीत घालीत त्या मध्यापर्यंत येतात. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. पाळण्यातील बाळासाठी त्या लहान कवंदीही शिवतात. पूर्वजांची भूमी वेगळी, पण जुन्या लुगड्याची ऊब बाळाला द्यावी, हे मनोगत एकच. आणि त्याच प्रदेशातील कलघटगीचे लाखेच्या रंगांनी चितारलेले लाकडी पाळणे तर प्रसिद्धच आहेत. कृष्णाच्या बाळलीला आणि रामकथेतील प्रसंग त्यांच्या फळ्यांवर चितारलेले असतात. बाळाला वाचता येण्यापूर्वीच कथा त्याच्या उशाशी येते, ती अशी.

विसाव्या शतकात या घरगुती कलेला शाळेची जोड मिळाली. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि रमाबाई रानडे यांनी वाढविलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम हे स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन केले. १९३० साली किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू झाले. किर्लोस्करांचा उद्योगही मुळात बेळगावच्याच मातीत रुजलेला, हे येथे सांगावयास नको. मासिकांतून विणकामाचे नमुने घरोघर गेले आणि 'दोन सुलट, दोन उलट' ही भाषा दुपारच्या ओसरीवर ऐकू येऊ लागली. बेळगावच्या पावसाळी गारठ्यात लोकरीचे टोपडे व पायमोजे यांची सोय झाली. हातातील विद्या अशा मासिकांतून छापील पानावर आली.

आता बाळंतिणीच्या खोलीकडे वळू. वाऱ्याचा झोत नसलेली, उबदार आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ नसलेली जागा निवडण्यात शहाणपण होते. नवजात बालकाला थंडीपासून आणि संसर्गापासून जपावयाचे असते. परंतु त्याच खोलीत खिडक्या बंद करून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्यात आणि धुरी कोंडण्यात अपाय होता. आज वैद्यकशास्त्र बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावयास सांगते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ही पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली आणि जगभर मान्य झाली. शेगडीपेक्षा आईचे अंग अधिक खात्रीचे, असा त्याचा अर्थ.

म्हणून परंपरेतील काय ठेवावे आणि काय सोडावे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. जुने सुती कापड ठेवावे. पण ते स्वच्छ धुवून कडक उन्हात वाळवावे. पेटीत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच बाळाच्या अंगाला लावू नयेत. रक्तातील एका विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असलेल्या बालकांना त्या गोळ्यांच्या वाफेने तीव्र कावीळ होऊ शकते. आजीची गोधडी अंथरावयास किंवा मांडीवर घ्यावयास असू द्यावी. झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ मात्र सैल पांघरूण, मोहरीची उशी वा कापडी खेळणी ठेवू नयेत, आणि त्याला उताणेच निजवावे. डोळ्यांत काजळ घालू नये. या गोष्टी सांगितल्याने आजीचा अनादर होत नाही. तिला जे साधावयाचे होते, म्हणजे बाळ जगावे, तेच याने साधते.

सोडावयाचे आणखीही काही आहे. त्याचा उल्लेख टाळला, तर हे विवेचन अपुरे राहील. कित्येक घरांत सर्वांत बारीक टाका घालणारा हात घरातील विधवा आत्याचा किंवा मावशीचा असे. दुपटी तिने शिवावयाची, गोधडीचे धावदोरे तिने घालावयाचे. पण डोहाळजेवणाच्या दिवशी तिने आतल्या खोलीत बसावयाचे. ज्या स्त्रीला मूल नाही, तिने पाळण्याला हात लावावयाचा नाही. आणि एवढ्या हौसेने सजविलेल्या पाळण्यात मुलगी आली, की पुष्कळ घरांतील उत्साह अर्ध्यावर येई. कापड मऊ करण्याची विद्या ज्या समाजाला साधली होती, त्याला मन मऊ करण्याची विद्या सर्वत्र साधली नव्हती, हे कबूल करावयास हवे. बाळंतविड्याचे गुणगान करताना ते शिवणाऱ्या या स्त्रियांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो ग्रंथालयाशी निगडित आहे. झबले, टोपडे, कुंची, पेहरण, दुपटे, वाकळ, बंद, तुरपाई, धावदोरा, टीप, सुलट, उलट हे सारे शब्द वस्तूंना चिकटून जगतात. वस्तू हातातून गेली, की शब्द ओठांवरून जातो. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. घरातील बोलीचे अपार धन त्यांनी राखले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे स्त्रियांची गाणी जपली. गाणी अशी कागदावर आली. टाके अजून यावयाचे आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून ज्यांनी मराठी घरात राखली, त्यांच्या बोलीतील हे शब्द तर अधिकच जपण्याजोगे. कारण शेजारच्या भाषेशी झालेली देवघेव त्यांतच दिसते.

शताब्दीनिमित्त ग्रंथालयाला एक काम सहज हाती घेता येईल. सभासदांच्या घरी ज्या वृद्ध स्त्रिया आहेत, त्यांच्याकडून कुंचीचा बेत, दुपट्याचे माप, टाक्यांची नावे आणि त्यांसोबतच्या आठवणी एका वहीत लिहून घ्याव्यात. शिवणारीचे नाव प्रत्येक पानावर असावे, कारण आजवर ते कोठेच लिहिले गेले नाही. एखादी जुनी कुंची कोणी दिली, तर तीही ग्रंथाइतक्याच आदराने कपाटात ठेवावी.

पाचवीच्या रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. सटवाई येऊन त्यावर बाळाचे भविष्य लिहिते, अशी समजूत. तो कागद सकाळी कोराच असतो. त्यावर काय लिहावयाचे, ते मागाहून माणसांनाच ठरवावे लागते. ज्या हातांनी बाळाला पहिले वस्त्र दिले, त्यांची नोंद त्या कागदावर प्रथम व्हावी, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.