लाखोळीचं विष आणि डॉ. राव



धानकापणीनंतर नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालात, तर बांध्यांमध्ये धसकटांतून निळ्या फुलांचं एक पीक दिसतं. ती लाखोळी. धान उभं असतानाच ओलीत बी फेकायचं. मग नांगर नको, पाणी नको. असं फुकटासारखं येणारं धान्य गरिबाच्या ताटात जाणारच.

पण दुष्काळात दुसरं काही नसताना दोन-तीन महिने मुख्यतः हीच डाळ खाल्ली, की काहींचे पाय कायमचे ताठतात. अ‍ॅक्टन नावाच्या डॉक्टरांनी १९२२ मध्ये अशा रोग्यांच्या पायऱ्याच लावून ठेवल्या: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी सरपटणारा.

लाखोळीतलं विष वेगळं काढलं एस. एल. एन. राव, अडिगा आणि सर्मा यांनी, १९६४ साली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. त्याला ओडॅप म्हणतात. मेंदूतल्या पेशी एकमेकींना बरेचसे निरोप देतात ते ग्लुटामेट या रसायनामार्फत. ओडॅप त्या ग्लुटामेटचं सोंग घेतं. मेंदूतून कण्यात उतरून पायांना हुकूम देणाऱ्या लांबलचक पेशी त्यामुळे नको तितक्या चेतवल्या जातात आणि मरतात. बुद्धी शाबूत, पायाला काटा टोचला तर कळतो. चालताना मात्र गुडघ्यावर गुडघा घासतो.

गंमत अशी, की विष नेमकं कोणतं हे कळण्याआधीच, १९६१ मध्ये, विक्रीबंदी आली होती. पेरणी थांबली नाहीच, डाळ बेसनात मिसळली जाऊ लागली. म्हणजे खाणाऱ्याला पत्ताच नाही!

डॉ. राव पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात गेले, पण लाखोळी सुटली नाही. ज्यांनी विष शोधलं, त्यांनीच २०११ मध्ये तिच्या चांगल्या बाजूवर लेख लिहिला: तिच्यातलं होमोआर्जिनिन रक्तवाहिन्यांना हितकारक ठरू शकतं आणि मिश्र आहारातली थोडी लाखोळी घातक नाही. संशोधकानं आपल्याच शोधाचा दरारा असा कमी करावा, हे मला फार मोठं वाटतं. इकडे नागपुरात डॉ. शांतिलाल कोठारी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं झगडत होते. महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली.

आता 'रतन'सारखे कमी ओडॅपचे वाण आहेत. तरी घरात लाखोळी असेल, तर गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका आणि मगच शिजवा. त्याच पाण्यात वरण लावू नका.