कट-ऑफ, शाखा आणि पगार

कोऱ्हाळे बुद्रुकमधील विद्यार्थ्याला अभियांत्रिकीसाठी बारामतीत किंवा माळेगावात प्रवेश हवा असो, की 1854 साली सुरू झालेल्या पुण्याच्या सीओईपीमध्ये, मुख्य मार्ग एकच: राज्याच्या सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत. शंभरातले साधारण 95 परीक्षार्थी त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

कट-ऑफ म्हणजे शेवटच्या प्रवेशिताचे पर्सेंटाइल. त्यातून मागणी कळते, अध्यापनाचा दर्जा नव्हे. एकाच महाविद्यालयात संगणक शाखेचा कट-ऑफ सहसा स्थापत्यपेक्षा बराच वर असतो.

पगाराचा प्रश्न अवघड आहे. जाहिरातीत झळकते ते सर्वोच्च पॅकेज, आणि ते एखाद्यालाच मिळालेले असते. पाहावा तो मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते तो आकडा. एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था तो देतात, पण केवळ नोकरी लागलेल्यांचा आणि सर्व शाखांचा एकत्र! अमेरिकेत ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे सरकारी संकेतस्थळ विषयवार कमाई दाखवते.

तिथल्याच डेल आणि क्रूगर या संशोधकांच्या 2002च्या अभ्यासात, सारख्याच नामांकित संस्थांचे प्रवेश मिळूनही कमी नामांकित संस्थेत शिकलेल्यांची कमाई पुढे जवळपास तेवढीच आढळली. अपवाद कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांचा. त्यांना नामांकित संस्थेचा फायदा झाला.