श्रावणात फूल वाळवायचं कसं?

(बाभुळगाव येथे पावसाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

यवतमाळ जिल्ह्यात फूल वाळवायला सर्वांत सोयीचा महिना मे. पारा 44-45 अंशांवर, हवेत ओलावा नावालाही नाही. रद्दीच्या घडीत ठेवलेली गुलमोहराची पाकळी तीन-चार दिवसांत कुरकुरीत होते. अडचण एवढीच, की तेव्हा वाळवायला फुलंच मोजकी असतात. पळस होळीच्या आसपास फुलून झडून गेलेला असतो आणि बहावा-गुलमोहर सोडले तर शिवार उजाड. फुलांचा खरा सुकाळ येतो श्रावण-भाद्रपदात. कुंपणावर गोकर्ण, धुऱ्यावर तेरडा, पडीत जागेत तरोट्याची पिवळी फुलं, झुडपांच्या आधारानं चढलेली कळलावी आणि वावरात पऱ्हाटीला लागलेली फुलं. नेमक्या याच दिवसांत घरातलं मीठसुद्धा पाझरत असतं. वहीत दाबलेलं फूल आठवड्यात तपकिरी पडतं, पुढच्या आठवड्यात त्यावर बुरशी दिसते.

बाभुळगावात मायक्रोवेव्हवर बोलायचं कारण हे आहे. उन्हाळ्यात या गावाला त्या यंत्राची गरज नाही. पावसाळ्यात मात्र ते उपयोगी पडतं, आणि तेही स्वयंपाकापलीकडच्या कामाला.

फूल खुडलं तरी ते लगेच मरत नाही. पेशींमधलं पाणी तसंच असतं आणि विकरं, म्हणजे एन्झाइम, आपलं काम करत राहतात. पेशी फुटू लागल्या की हवेतला ऑक्सिजन आणि ही विकरं मिळून पाकळी तपकिरी करतात. कापलेलं वांगं काळं पडतं, त्यामागंही हीच रासायनिक क्रिया असते. त्यामुळे पाणी जितकं लवकर निघेल तितका रंग वाचतो. त्यातही सगळे रंग सारखे टिकाऊ नाहीत. झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड गटातला आणि बऱ्यापैकी चिवट. गोकर्णाचा निळा आणि गुलाबाचा लाल अँथोसायनिनचा. तो आम्लतेनं, उष्णतेनं, उजेडानं बदलतो. लाल गुलाब वाळल्यावर काळपट दिसतो, त्यात वाळवणाऱ्याचा दोष थोडा आणि रंगद्रव्याचा जास्त.

मायक्रोवेव्हची उष्णता बाहेरून आत शिरत नाही. घरगुती ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता 2,450 मेगाहर्ट्झ असते आणि त्या मुख्यतः पाण्याच्या रेणूंना हलवतात. पाकळीतलं पाणी स्वतःच तापतं, वाफ होऊन बाहेर पडतं आणि बाजूचा कागद ती वाफ टिपतो. उष्णतेनं विकरंही निकामी होतात. मायक्रोवेव्ह ओव्हनचा शोध लागला तो युद्धाच्या कारखान्यात. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. ते साल 1945. दोन वर्षांनी बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि 340 किलोंच्या आसपास वजनाचा होता. त्यात फूल वाळवायचं कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

साहित्य फारसं लागत नाही. टाइल्सच्या दुकानातून सहा इंची, साध्या सिरॅमिकच्या दोन टाइल्स आणाव्यात. सोनेरी-चंदेरी नक्षीच्या नकोत, त्या नक्षीत धातू असतो. टाइलवर सुती कापडाची घडी, तिच्यावर कोरा टिपकागद, मग फूल, पुन्हा टिपकागद, कापड आणि वरून दुसरी टाइल. सगळं रुंद रबर बँडनं आवळायचं. स्टेपलरची पिन, टाचणी, तार यांतलं काहीही आत जाता कामा नये, ठिणगी उडते. उन्हात वाळवताना वर्तमानपत्र उत्तम. इथं ते नको. शाई पाकळीला लागते आणि पुनर्वापराच्या कागदात धातूचे बारीक कण असू शकतात.

आता घाई सोडायची. ओव्हन मध्यम शक्तीवर ठेवून पहिल्यांदा 30 सेकंद पुरतात. मग टाइल्स फडक्यानं धरून बाहेर काढायच्या, उघडायच्या आणि वाफ जाऊ द्यायची. कागद ओला लागला तर बदलायचा. टाइल्स निवल्या की पुन्हा 15-20 सेकंद. पातळ पाकळीला अशा तीन-चार फेऱ्या होतात. सलग दोन मिनिटं ठेवलं की फूल वाळत नाही, शिजतं. पाणी संपत आलं की लहरी शोषायला आत फारसं काही उरत नाही, म्हणून ओव्हनच्या कोपऱ्यात अर्धी वाटी पाणी ठेवावं. मॅग्नेट्रॉनवर ताण येत नाही. एकाच फुलाची एक पाकळी करपते आणि दुसरी ओली राहते, त्याचं कारण वेगळं. आतल्या लहरी सगळीकडे सारख्या पसरत नाहीत, त्यांच्या गरम जागा ठरलेल्या असतात. फिरती थाळी त्यासाठीच दिलेली असते.

वाळलं की नाही हे ओळखायची खूण वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही वापरतात. फूल गालाला लावायचं. गार लागलं तर ओल शिल्लक आहे. कोरडं लागलं तरी रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावं, नाहीतर ओल्या हवेत कडा वर वळतात.

कपाशीचं फूल या पद्धतीनं जरूर करून पाहावं. आज वावरात असणाऱ्या बहुतेक बीटी वाणांचं फूल पहिल्या दिवशी फिकट, दुधाळ पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटू लागतं. पऱ्हाटी निंदताना ही दोन्ही फुलं एकाच झाडावर हजारदा दिसतात आणि दिसूनही कुणी थांबत नाही. दोन्ही खुडावीत. बुडाशी पुढच्या बोंडाची गाठ असते, ती जाड असल्यानं फूल ब्लेडनं उभं अर्धं चिरावं आणि गाठ आतून थोडी कोरावी. कडेची कातरलेली हिरवी छदं, म्हणजे फुलाखालची पानं, वेगळी वाळवावीत. कागदावर शेजारी चिकटवलं की एका रात्रीतला फरक शाळेतल्या मुलांना डोळ्यांनी दिसतो.

गोकर्ण, सदाफुली, तेरडा, कॉसमॉस, दूर्वा, नेचे ही मंडळी आज्ञाधारक. जास्वंद त्रास देते. तिच्यातला चिकट द्रव पाकळी कागदाला डकवून ठेवतो. झेंडू अख्खा दाबायचा हट्ट धरू नये, पाकळ्या सुट्या कराव्यात. मोगरा पिवळा पडतो आणि वासही जातो, मग करायचा कशाला? गुलाब गोलच हवा असेल तर काचेच्या भांड्यात सिलिका जेलमध्ये पुरून थोडा वेळ तापवतात आणि मग काही तास तसाच झाकून ठेवतात. लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं फुलं-पानं वाळवण्याच्या अशा तंत्रांवर बरंच काम केलं आहे आणि ती प्रशिक्षणही देते.

एक गोष्ट मात्र दरडावून सांगायला हवी. कन्हेर, धोतरा, रुई आणि कळलावी स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नयेत. कळलावीत कोल्चिसिन हे विष असतं, कन्हेरीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं. ही फुलं रद्दीत घालून वजनाखाली ठेवावीत, रोज कागद बदलावा आणि हात धुवावेत. दिवस लागतील, लागू द्यावेत.

हौसेपलीकडे या वाळवणाचं मोल काय, याचं उत्तर पुण्यात कोरेगाव पार्कजवळ मिळतं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र तिथं 1955 साली सुरू झालं आणि त्याच्या संग्रहात महाराष्ट्रभरातल्या वनस्पती दाबून, जाड कागदावर लावून ठेवल्या आहेत. एस. कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचं ‘फ्लोरा ऑफ यवतमाळ डिस्ट्रिक्ट’ हे पुस्तक सर्वेक्षणानं 1993 साली प्रसिद्ध केलं. आपल्या जिल्ह्यात काय उगवतं याची शास्त्रीय यादी हवी असेल तर ती त्यात आहे. अशा पुस्तकामागं कुणीतरी चिखल तुडवत जमवलेले आणि ओल्या हवेत बुरशीपासून राखलेले नमुने असतात. भर पावसात हिंडणारे संग्राहक तर कागदात गुंडाळलेले नमुने प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर अल्कोहोल ओततात आणि मुक्कामाला परतल्यावर वाळवतात.

मग त्यांनीही मायक्रोवेव्ह का वापरू नये? वापरून पाहिला गेला आहे. रंग बरा राहतो, वेळ वाचतो. पण बी मरतं आणि डीएनएची मोडतोड होते. आज वाळलेल्या पानाच्या एवढ्याशा तुकड्यावरून वनस्पतीचं कूळ तपासतात, म्हणून शास्त्रीय नमुन्यासाठी ही पद्धत सहसा टाळतात. वहीतल्या, भेटकार्डावरच्या, चौकटीतल्या फुलाला हा नियम लागू नाही.

एक सवय मात्र संग्रहालयाकडून जरूर उचलावी, चिठ्ठीची. स्थानिक नाव, गाव, जागा, तारीख आणि ताज्या फुलाचा रंग. 1993 नंतरच्या काळात बेंबळा धरणाचं पाणी याच तालुक्यातल्या शिवारांवर चढलं. त्या धुऱ्यांवर काय फुलत होतं हे आज विचारायचं तर म्हाताऱ्यांच्या आठवणीचाच आधार. तारीख नसलेलं वाळलं फूल ती साक्ष देऊ शकत नाही, ते नुसतं शोभेचं. हरतालिकेची पत्री गोळा करायला पोरी निघतातच. त्यातलं एकेक पान वाळवून, चिठ्ठी लावून शाळेत ठेवलं तर चार-पाच वर्षांत गावाचा छोटा संग्रह उभा राहतो. रुईचं पान जाड असतं, पण त्याला ओव्हन नाही, हे पुन्हा सांगितलेलं बरं.

वाळलेले कागद ट्रंकेत तसेच टाकू नयेत. लॅसिओडर्मा नावाचा बारीक तपकिरी भुंगेरा तंबाखू, हळद, मिरची यांच्याबरोबर वाळलेली फुलंही पोखरतो. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी आणि दर पावसाळ्याआधी एकदा उघडून पाहणं, एवढं तरी करावं. भिंतीवर चौकट लावायची तर उन्हासमोर नको. गोकर्णाचा निळा रंग तिथं फार काळ राहत नाही.