कावीळ एक, कारणे अनेक



मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. तरीही आज आरोग्यावर बोलण्याचे धाडस करीत आहे. अज्ञानापायी आमच्या घरात पाच आठवडे वाया गेले; तसे ते आपल्या घरात जाऊ नयेत, एवढाच हेतू.

माझ्या मामूंना कावीळ झाली. गावात तिच्यावरचे उपाय ठरलेले : गळ्यात मुळ्यांची माळ, सकाळी अनशापोटी झाडपाला, वर उसाचा रस. माळ लांबत गेली की कावीळ उतरते, अशी समजूत. मामूंची माळ लांबली, पण कावीळही वाढली. लघवी काळ्या चहासारखी, शौच मात्र शाडूसारखे पांढुरके, आणि रात्रभर अंगाला खाज. अखेर हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा आम्ही इस्पितळ गाठले.

ही लक्षणे काय सांगत होती? आपले यकृत रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. ते पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरते. ही मुख्य नलिका साधारण सहा मिलिमीटर रुंदीची. पित्तामुळे तूप-तेल पचते आणि शौचाला रंगही त्यामुळेच येतो. बागेच्या पाटात माती ढासळली, तर पुढची झाडे कोरडी राहतात आणि मागे तुंबलेले पाणी बांधावरून वाहू लागते. नलिका अरुंद झाली की तसेच होते. पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून शौच पांढुरके. ते मागे तुंबून रक्तात मिसळते, म्हणून डोळे पिवळे व लघवी काळसर. साचलेल्या पित्तात जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो. हा ताप जिवावर बेतणारा असतो. शिवाय के जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही, त्यामुळे रक्त लवकर गोठत नाही.

नलिका अरुंद होण्याची कारणे निरनिराळी : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत झालेली इजा व तिचा व्रण, पित्तखडे, स्वादुपिंडाची जुनी सूज, आणि कधी कर्करोग. मामूंचे पित्ताशय चार वर्षांपूर्वी काढले होते. ही गोष्ट सांगण्याचे आम्हांला सुचले नाही. डॉक्टरांनी पोटावरचा व्रण पाहून विचारले, तेव्हा आठवले!

प्रथम रक्त तपासतात. मग सोनोग्राफीत तुंबून फुगलेल्या नलिका दिसतात, आणि एमआरसीपी या तपासणीत अडथळ्याची नेमकी जागा कळते. कर्करोगाची शंका असल्यास तेथील पेशी तपासतात. उपचारासाठी तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत दुर्बीण नेतात. तिला ईआरसीपी म्हणतात. ही पद्धत १९६८ साली सुरू झाली. १९७४ मध्ये जर्मनी व जपानमधील डॉक्टरांनी तिच्याद्वारे नलिकेचे मुख कापून रुंद करण्याचे तंत्र मांडले. अरुंद जागी फुगा फुगवतात व बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. प्लास्टिकची नळी कालांतराने बुजते, म्हणून ती साधारण तीन महिन्यांनी बदलावी लागते. धातूची अधिक टिकते. दुर्बिणीने जमले नाही, तर त्वचेतून सुईने यकृतातील नलिकेत वाट काढतात, किंवा शस्त्रक्रिया करून नलिका आतड्याला जोडतात. या उपायांतही धोके आहेत. ईआरसीपीनंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. ते डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

मामूंच्या नळ्या वर्षभर बदलल्या. आज ते बरे आहेत.

माळेने बरे झालेले लोक आपण पाहतो, हे खरे. परंतु विषाणूमुळे होणारी साधी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला मिळते. अडथळ्याची कावीळ अशी उतरत नाही. म्हणून विनंती आहे : कोणतीही कावीळ असो, आधी डॉक्टरांना दाखवा. पांढुरके शौच, अंगाला खाज, पूर्वीची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर ते न लाजता सांगा, जुने कागद जपून ठेवा. आणि कावीळ असताना थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी इस्पितळात जा.