उन्हाळा आणि वणवा : घराच्या दोन कसोट्या



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या वास्तूत वर्षानुवर्षे पदार्थविज्ञान शिकवले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात छप्पर, भिंत आणि झरोका अशा साध्या गोष्टींविषयी बोलण्याचे मी ठरवले, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु माजी विद्यार्थी संघाने वरच्या मजल्यावरील, पत्र्याच्या छपराखालचे वर्ग उन्हाळ्यात सुसह्य करण्यासाठी निधी उभारण्याचा संकल्प सोडला आहे. त्या संकल्पाशी आजच्या विषयाचे जवळचे नाते आहे. मात्र तो नीट समजण्यासाठी प्रथम आपल्याला पुष्कळ दूर, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जावे लागेल.

उष्णतारोधन म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. स्थिर हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. लोकर, काचतंतू, थर्माकोल यांपैकी प्रत्येक पदार्थ असंख्य लहान कप्प्यांत हवा कोंडून ठेवतो आणि तिला हलू देत नाही. त्यांचा गुण तो एवढाच. काचतंतूंच्या पाच सेंटिमीटर जाडीच्या थरातून जितकी उष्णता झिरपते, तितकीच अडवायची झाल्यास विटांची भिंत पाऊण मीटरहून अधिक जाड बांधावी लागेल. आपल्या पूर्वजांनी जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड केल्या आणि माळवदावर मातीचा थर दिला, त्यामागे हेच व्यवहारज्ञान होते. आज जाड भिंती परवडत नाहीत, म्हणून हलक्या रोधकांचा आश्रय घ्यावा लागतो.

कॅलिफोर्नियात पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळा संपूर्ण कोरडा जातो आणि शरद ऋतू येईपर्यंत डोंगरउतारांवरील गवत व झुडपे सरपणासारखी वाळलेली असतात. नेमक्या याच सुमारास अंतर्भागातून समुद्राकडे कोरडे वारे सुटतात. उत्तरेत त्यांना डायाब्लो म्हणतात आणि दक्षिणेत सांता आना. या राज्याने १९७८ मध्ये इमारतींसाठी ऊर्जाबचतीचे नियम केले, हवामानानुसार प्रदेशाचे १६ विभाग पाडले आणि माळ्यावर व भिंतींत रोधक घालणे बंधनकारक केले. उन्हाळ्याच्या कसोटीला घरे बऱ्याच अंशी उतरू लागली. दुसरी कसोटी मात्र अजून पुढे उभी होती.

२० ऑक्टोबर १९९१ रोजी ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या आगीत २५ माणसे दगावली आणि सुमारे ३,००० घरे भस्मसात झाली. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वीजवाहिनीतील बिघाडाने पेटलेल्या वणव्याने पॅराडाइज नावाचे गाव जवळजवळ पुसून टाकले. ८५ जणांचा मृत्यू झाला आणि १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. ७ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या परिसरात लागलेल्या आगींत पॅसिफिक पॅलिसेड्स आणि आल्टाडेना येथील वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. त्यात घरे होती, तशीच दुकाने, शाळा आणि प्रार्थनास्थळेही होती.

वणवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वालांची चालून येणारी भिंत उभी राहते. घरे मात्र बहुधा तशी पेटत नाहीत. अमेरिकेच्या वनविभागातील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी कॅनडातील जंगलात केलेल्या प्रयोगांत प्रत्यक्ष पेटत्या अरण्यासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. दहा मीटर अंतरावरील काही भिंतींनी पेट घेतला. वीस मीटरवर त्या फार तर करपल्या आणि तीस मीटरवर तर शाबूतच राहिल्या. मग दूरवरची घरे जळतात कशी? त्यांना जाळतात त्या वाऱ्यावर स्वार होऊन आलेल्या ठिणग्या आणि निखारे. पन्हळीत साचलेला पालापाचोळा, दारातील काथ्याचे पायपुसणे, भिंतीला टेकून रचलेली लाकडे आणि वळचणीखालचे झरोके या ठिकाणी ठिणगीला आसरा मिळतो. अनेकदा शेजारची झाडे हिरवी राहतात आणि मधले घर राख होते.

येथे आपल्या विषयातील खरा पेच उभा राहतो. माळ्यावर जाड रोधक घातल्यावर तेथील दमट व तापलेली हवा बाहेर काढण्यासाठी झरोके ठेवावे लागतात. म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने जे उपकारक, तेच आगीच्या दृष्टीने उघडे दार ठरते. झरोक्यातून आत शिरलेली ठिणगी माळ्यावरच्या कागदी अस्तरावर किंवा अडगळीवर पडते आणि घर आतून पेटते. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

यावर कॅलिफोर्नियाने २००८ पासून वणव्याच्या टापूतील नव्या इमारतींसाठी बांधकाम संहितेत स्वतंत्र प्रकरण लागू केले. छप्पर ज्वलनरोधी असावे. नळीच्या कौलांची उघडी टोके बुजवावीत, कारण तेथे पाखरे घरटी करतात आणि घरट्यात ठिणगी पडते. झरोक्यांना धातूची बारीक जाळी असावी. तिची छिद्रे सुमारे दीड ते तीन मिलिमीटरच्या दरम्यान असावीत. खिडक्यांना दुहेरी काच असावी आणि तीपैकी किमान एक काच कणखर केलेली असावी. या शेवटच्या नियमात दोन्ही कसोट्यांचा सुंदर मेळ आहे : दुहेरी काच उन्हाळ्यात उष्णता अडवते आणि वणव्यात सहजासहजी तडकून ठिणग्यांना वाट करून देत नाही.

आता रोधकांच्या जातींकडे वळू. बेसाल्टसारखा खडक वितळवून त्याचे तंतू ओढले की पाषाणलोकर तयार होते; आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण याच कुळातला. ही लोकर हजार अंशांच्या आसपासही टिकते आणि स्वतः जळत नाही. काचलोकरही जळत नाही, पण तिला चिकटवलेला कागद जळतो. रद्दीच्या लगद्यापासून केलेल्या रोधकात बोरॉनचे क्षार मिसळलेले असतात. तो भडकत नाही, तथापि धुमसू शकतो. थर्माकोल मात्र सुमारे शंभर अंशांवरच मऊ पडून आक्रसतो, नंतर वितळतो आणि पेटल्यास त्याचे जळते थेंब खाली गळतात. पॉलियुरेथेनचा फेस उष्णता उत्तम अडवतो, परंतु जळताना विषारी धूर सोडतो. म्हणून अमेरिकेत घराच्या आतील बाजूस त्यावर सामान्यतः अर्धा इंच जाडीच्या जिप्सम फलकाचे आच्छादन द्यावे लागते.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीच्या बाह्यभागावर उष्णतारोधक आणि शोभेचे आवरण बसवण्यात आले होते. १४ जून २०१७ रोजी एका घरातील शीतकपाटाशी आग लागली, त्या आवरणातून ती भराभर वर चढली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. तेथे ना अरण्य होते ना वणवा. ऊब टिकवण्यासाठी केलेल्या कामातच आगीची वाट तयार झाली होती.

व्यवसायांचा विचारही याच अंगाने करावा लागतो. गोदाम, शीतगृह किंवा कारखान्याची शेड यांत दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले फलक सर्रास वापरतात; त्यांचा गाभा कशाचा आहे, हे मालकाने विचारलेच पाहिजे. लॉस एंजेलिसजवळच्या टेकडीवर १९९७ मध्ये खुल्या झालेल्या गेटी सेंटर या संग्रहालयाच्या भिंती दगडाच्या आहेत, छपरावर खडी पसरलेली आहे आणि भोवतालची झुडपे वेळोवेळी छाटली जातात. २०१९ मध्ये वणवा अगदी निकट आला, तरी संग्रहालय सुरक्षित राहिले. सगळ्यांना असा खर्च झेपणार नाही, हे खरे. पण २०२३ मध्ये एका मोठ्या विमा कंपनीने त्या राज्यात घरे आणि व्यवसाय या दोहोंसाठी मालमत्ता विम्याचे नवे अर्ज घेणे थांबवले, तेव्हा निष्काळजीपणाही महाग असतो, हे व्यापाऱ्यांना उमगले.

या नियमांचा उपयोग होतो का? पॅराडाइज येथील घरांच्या अभ्यासात असे आढळले की, १९९७ पूर्वी बांधलेल्या घरांपैकी शंभरातील अकरा-बारा वाचली, तर त्यानंतरच्या घरांपैकी शंभरातील सुमारे अडतीस. फरक मोठा आहे, तरी अभयदान नाही. शेजारचे घर पेटले तर आपल्या घराचीही शाश्वती उरत नाही. वणव्यापासूनचे संरक्षण एकट्याने मिळत नाही; ते आळीने मिळून मिळवायचे असते.

श्रोतेहो, आता आपल्या गुजरातेकडे वळू. मे २०१० मध्ये शेजारच्या अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविषयीचा कृतिआराखडा आखला आणि पुढे गरिबांच्या घरांची छपरे पांढरी रंगवण्याचा उपक्रमही हाती घेतला. म्हणून पत्र्याखालील वर्ग थंड करणे ही चैन आहे, असे मी मुळीच मानत नाही. तापलेल्या पत्र्याखाली बसलेल्या मुलाला प्रमेय समजत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

परंतु याच राज्यात, २४ मे २०१९ रोजी, सुरतेतील एका व्यापारी संकुलाच्या सर्वांत वरच्या भागात चालणाऱ्या शिकवणीवर्गाला आग लागली आणि २२ विद्यार्थी प्राणांस मुकले. वरचे बांधकाम हलके व सहज पेट घेणारे होते, आणि सुटकेचा मार्ग अपुरा होता. वरचा मजला, हलके छप्पर, बसलेली मुले : आपल्या संकल्पाचे चित्र याहून फार वेगळे नाही. म्हणूनच मला आज बोलावेसे वाटले.

माझी विनंती अशी आहे. प्रथम पत्र्याला पांढरा परावर्तक रंग द्यावा. तो स्वस्त आहे आणि बरीच उष्णता आत येण्याआधीच परतवतो. नंतर पत्र्याखाली रोधक घालायचा तो पाषाणलोकर किंवा काचलोकरीचाच, आणि त्याखाली जिप्समचे छत. थर्माकोलचे छत निम्म्या खर्चात होत असेल, तरी ते नाकारावे. छतावरील पोकळीत विजेचे उघडे जोड ठेवू नयेत आणि तेथे अडगळ साठू देऊ नये. आणि या सर्वांआधी, त्या मजल्यावरून खाली येणारा दुसरा जिना बांधावा. निधी अपुरा पडला, तर वर्ग एक वर्ष उशिरा थंड झाले तरी चालेल. जिना मात्र आधी व्हावा.

पदार्थाचा एक गुण पाहून त्याची निवड करू नये, त्याचे सर्व गुणधर्म तपासावेत, हा पदार्थविज्ञानाचा पहिला धडा आहे. गुरुजींनी तो याच वास्तूत दिला. आपण तो त्यांच्या शाळेच्या छपरावर अमलात आणावा, याहून उचित स्मारक मला सुचत नाही.