अश्वारोहण आणि घोड्याचे वावडे

(व्याख्यानाचा मजकूर)



पागे, पागनीस, शिलेदार ही आडनावे मराठी कुटुंबांना परकी नाहीत. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. ज्या समाजाचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला, त्याच समाजातील एखादा मुलगा किंवा मुलगी आज अश्वारोहणाच्या वर्गातून शिंका, लाल झालेले डोळे आणि घरघरणारी छाती घेऊन घरी परतते. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, घोड्याचा नाद सोडा. दुसरा म्हणतो, सवय झाली की सारे थांबेल. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पहिला सल्ला घाईचा आहे, आणि दुसरा धोक्याचा.

‘अॅलर्जी’ हा शब्दच मुळी घोड्याच्या संबंधातून जन्मास आला. घटसर्पावर उतारा म्हणून घोड्याच्या रक्तातील सीरम मुलांना टोचले जाई. त्यांपैकी काहींना पुढे ताप, पुरळ व सांधेदुखी होई. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के व बेला शिक यांनी १९०५ मध्ये या विकाराचे सविस्तर विवेचन केले आणि १९०६ मध्ये पिर्के यांनी ‘अॅलर्जी’ हा शब्द योजला. मराठीत त्यासाठी ‘वावडे’ हा सुटसुटीत शब्द पूर्वीपासून आहेच.

घोड्याचे वावडे म्हणजे त्याच्या केसांचे वावडे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः दोष केसांचा नसून घोड्याच्या कातडीचा कोंडा, लाळ व मूत्र यांतील प्रथिनांचा असतो. ही प्रथिने सूक्ष्म कणांवर बसून हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटतात आणि स्वाराबरोबर घरापर्यंत येतात. म्हणूनच तबेल्याकडे कधी न फिरकलेल्या धाकट्या भावंडालाही त्रास होऊ शकतो. कुरळ्या केसांचे घोडे निर्धोक असतात, असेही सांगितले जाते. परंतु जर्मनीतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत त्या घोड्यांत ही प्रथिने कमी आढळली नाहीत.

उपचारापूर्वी निदान हवे. तबेल्यात घोडा एकटा नसतो. तेथे गवताची धूळ असते, ओलसर चाऱ्यावरची बुरशी असते, धान्यातील सूक्ष्म किडे असतात आणि मूत्रातून उठणारा अमोनियाचा उग्र दर्पही असतो. त्रास घोड्याजवळ जाताच होतो की गंजी उपसताना, याची नोंद ठेवावी. बुरसट गवत हाताळल्यावर काही तासांनी ताप, खोकला व धाप लागत असेल, तर तो फुप्फुसांचा निराळा विकार असू शकतो. त्वचेवरील चाचणी किंवा रक्ततपासणी यांनी मूळ कारणाचा शोध लागण्यास साहाय्य होते. मात्र त्वचेची चाचणी करण्यापूर्वी शिंकांवरील गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. त्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे.

निदान पक्के झाले की पहिले काम तबेल्यातील. घोड्याला खरारा करताना कोंडा सर्वाधिक उडतो. ते काम मोतद्दाराकडे सोपवावे, अथवा उघड्यावर, नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लावून करावे. गवत भिजवून घालावे. धूळ कमी उडते. बंदिस्त रिंगणापेक्षा मोकळे मैदान बरे. रपेट संपताच कपडे बदलावेत, केस धुवावेत. बूट, खोगीर व घोंगडी निजण्याच्या खोलीत आणू नयेत. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण शरीरावर पडणारा भार यांनीच हलका होतो.

दुसरे काम औषधांचे. शिंकांवरील जुन्या गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीत लगाम हाती धरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. गुंगी न आणणारी औषधे आता उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. छाती घरघरत असेल, तर तो दमा समजून तपासणी करून घ्यावी. येथे ‘पंपा’विषयीची भीती आड येते. पंपाची सवय लागते, असे अनेक घरांत अजून मानले जाते. हा भ्रम आहे. श्वासावाटे घेतलेले औषध अल्प मात्रेत थेट फुप्फुसांत पोचते. तात्पुरता आराम देणारा पंप वारंवार घ्यावा लागणे, हे सवयीचे नव्हे, तर दमा आटोक्यात नसल्याचे लक्षण होय. अशा अवस्थेत रिकिबीत पाय घालू नये.

तिसरा मार्ग शरीराला हळूहळू सहनशील करण्याचा. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये परागकणांबाबत तो प्रथम मांडला. घोड्याच्या बाबतीत अनुभव मर्यादित आहे. उपचार काही वर्षे चालतो आणि तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करावयाचा नसतो. स्वतःच्या मनाने तबेल्यात अधिक वेळ काढणे म्हणजे हा उपचार नव्हे.

क्वचित, विशेषतः घोडा चावल्यावर किंवा पडून खरचटल्यावर, सर्वांगावर गांधी, घशाला सूज, धाप व भोवळ असा प्रकार घडतो. त्यावर मांडीच्या बाहेरील स्नायूत टोचलेले अॅड्रेनलिन हेच पहिले औषध. गोळी देऊन वाट पाहू नये. ज्याला एकदा असे झाले, त्याने तज्ज्ञाच्या स्पष्ट अनुमतीवाचून पुन्हा घोड्याजवळ जाऊ नये.

एक गोष्ट शेवटी, परंतु प्राणाशी निगडित. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर आपल्या देशात दिली जाणारी लस घोड्याच्या रक्तापासूनच तयार होते. घोड्याचे वावडे असणाऱ्याने सर्पदंशाच्या प्रसंगी डॉक्टरांना ते अवश्य सांगावे, म्हणजे ते अॅड्रेनलिन हाताशी ठेवूनच लस देतील. पण वावड्याच्या भीतीने ती लस कदापि नाकारू नये. विष शरीरात भिनत असता तिला दुसरा पर्याय नाही.

तात्पर्य, बहुतेकांना घोडा सोडावा लागत नाही. सोडावी लागते ती बेफिकिरी. त्रास लपवून दौड करणाऱ्या मुलाचे कौतुक न करता त्याचा श्वास आधी तपासून घेणे, हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय. इतके सांगून हे विवेचन येथेच पुरे करणे उचित ठरेल.